डाव्या मनगटाला नाडी लागत नव्हती : टाकायासू आर्टरायटिसचा माझा अनुभव

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याची. वय २६ वर्षे, सेलूतल्या एका पतसंस्थेत लिपिक आहे. जुलै २०२४ मध्ये मला टाकायासू आर्टरायटिस असल्याचे निदान झाले. या आजारात हृदयातून निघणारी महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखा यांच्या भिंतींना सूज येते, भिंती जाड होत जातात आणि रक्त वाहण्याचा आतला मार्ग अरुंद होतो. मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी अशी अरुंद झाली की रक्तदाब चढतो आणि तो नेहमीच्या गोळ्यांना सहजी दाद देत नाही. निदान झाले त्या रात्री मी मराठीत काही वाचायला मिळते का हे शोधत बसले होते आणि हाती फारसे काही लागले नाही, म्हणून अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी आतून बलून फुगवून रुंद करणे) आणि नंतरच्या तपासण्या पार पडल्यावर हे सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. खाली आलेली औषधे आणि त्यांच्या मात्रा माझ्या आजारापुरत्या आहेत, त्या कुणीही परस्पर घेऊ नयेत.

सुरुवात २०२३ च्या दिवाळीनंतर झाली. संध्याकाळी अंगात कसर असायची, वजन उतरत होते आणि मानेची डावी बाजू दाबली की दुखायची. दोरीवर कपडे वाळत घालताना डावा हात भरून यायचा, हात खाली सोडला की थोड्या वेळात बरे वाटायचे. भाकरी थापतानाही तसेच. जानेवारीत रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) ७४ आला. टायफॉइडची औषधे झाली, रक्तवाढीच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झाले. एप्रिलमध्ये डोके ठणकू लागले आणि चक्कर येऊ लागली, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात डाव्या हाताला पट्टा बांधून बीपी मोजला गेला. तो ९०/६० भरला. "बीपी लो आहे, मीठ-साखरेचे पाणी घ्या," असे सांगण्यात आले आणि मी उन्हाळाभर ते पाणी पीत राहिले. रक्तदाब प्रत्यक्षात किती होता हे जूनमध्ये कळले, आणि ते कळल्यावर माझ्या वडिलांनी घरातल्या ओआरएसच्या सगळ्या पुड्या उचलून बाहेर टाकल्या.

जून २०२४ मध्ये संगणकावरची अक्षरे पुसट दिसू लागली. चष्मा लागला असेल असे समजून परभणीला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकून बाहुल्या मोठ्या केल्या, पडदा बराच वेळ पाहिला आणि विचारले, "तुम्हाला बीपीच्या गोळ्या चालू आहेत का?" माझा बीपी कमीच असतो, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली, पुन्हा एकदा पाहिले आणि पडद्यावरच्या रक्तवाहिन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णासारख्या दिसत असल्याचे सांगून फिजिशियनच्या नावे चिठ्ठी दिली. उद्या नको, आजच जा, असेही बजावले.

फिजिशियन साहेबांनी बीपीचे यंत्र हातात घेण्याआधी माझे डावे मनगट धरले. तीन बोटे ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. मग कोपराच्या आतल्या बाजूला चाचपले. मग उजवे मनगट धरले आणि पुन्हा डाव्याकडे आले. "डाव्या हाताला नाडी लागत नाही," असे ते हलक्या आवाजात म्हणाले, तेव्हा आई एकदम बोलली, "नाडी नाही म्हणू नका हो साहेब, लेक समोर बसलीय माझी." त्यांनी आईला खुर्ची दिली आणि अत्यंत शांतपणे समजावले की नाडी नाही याचा अर्थ जीव धोक्यात आहे असा नाही, त्या हाताकडे जाणारी मोठी धमनी वर कुठेतरी अरुंद झाली आहे एवढाच आहे. मग बीपी मोजला. डावा हात ९२/६४, उजवा हात १८८/११२. दोन्ही पायांचाही मोजला. स्टेथोस्कोप गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि बेंबीच्या बाजूला ठेवून ते ऐकत राहिले. अरुंद जागेतून रक्त जाताना जो फुसफुस आवाज येतो तो दोन्हीकडे येत होता.

माझा खरा रक्तदाब उजव्या हाताचा होता. डाव्या हाताकडे जाणारी धमनी जवळजवळ बंद झाल्याने त्या हातात रक्त कमी दाबाने पोहोचत होते आणि यंत्र तेवढेच दाखवत होते. ज्यांचे वय चाळिशीच्या आत आहे आणि ज्यांना डोकेदुखी, चक्कर, हात भरून येणे असा त्रास आहे, त्यांनी दोन्ही हातांचा बीपी मोजून घ्यावा, हे मला या सगळ्यातून सर्वांत आधी सांगावेसे वाटते. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत सातत्याने १० पेक्षा जास्त फरक येत असेल तर तो डॉक्टरांच्या कानावर घालावा. तपासणीला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटे पुरतात.

रक्तदाब का चढतो हे साहेबांनी आमच्या भागातल्या माणसाला पटेल असे सांगितले. जायकवाडीच्या कालव्याच्या टेलला ज्याचे शेत आहे त्याला पाणी कमी मिळाले की त्याला वाटते धरणातच पाणी नाही, आणि तो वरून जास्त पाणी सोडा म्हणून तगादा लावतो. मूत्रपिंडाचे तसेच होते. त्याची धमनी अरुंद झाली की त्याच्याकडे रक्त कमी येते, शरीरातलेच रक्त कमी पडले आहे असे समजून ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून पुढे रक्तवाहिन्या आवळणारी आणि शरीरात मीठ-पाणी साठवणारी साखळी सुरू होते आणि साऱ्या शरीराचा दाब वाढतो. वडील शेतकरी आहेत. त्यांना हे लगेच उमगले आणि त्यांनी लगोलग विचारले, "मग चारी साफ करता येते का?" येते, पण आधी सूज उतरली पाहिजे, असे उत्तर मिळाले. पुढचे सात-आठ महिने याच एका वाक्यावर गेले.

त्या दिवशी ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाली. मूत्रपिंडांच्या दोन्ही धमन्या अरुंद असतील तर नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या बीपीच्या गोळ्या मूत्रपिंडाचे काम बिघडवू शकतात, म्हणून सीटी होईपर्यंत त्या देणार नाही, असे साहेबांनी सांगितले. घरात आत्याच्या टेल्मिसार्टनच्या गोळ्या होत्याच, आणि "बीपीचीच तर आहे, घे" असा आग्रहही झाला. असा आग्रह आपल्याकडे प्रेमापोटी होतो, तरी तो मोडावा लागतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरला सीटी अँजिओग्राफी झाली. सेलूहून सकाळची मराठवाडा एक्स्प्रेस पकडली की दिवसाचे काम उरकून संध्याकाळी परतता येते. गाडी चुकली तर एसटीला महिलांना अर्धे तिकीट आहेच. सीटीच्या आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा अहवाल मागतात, कारण रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून सोडायचे औषध मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. तो अहवाल गावाकडूनच करून नेला तर तिथला अर्धा दिवस वाचतो. उपाशीपोटी जावे लागते. औषध आत गेले की घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. आधी कुणी सांगितले नाही तर माणूस घाबरतो, म्हणून लिहून ठेवते. खासगी केंद्रात ९,५०० रुपये लागले. अहवाल दुसऱ्या दिवशी मिळाला. डाव्या हाताची धमनी जवळजवळ बंद, डाव्या मूत्रपिंडाची धमनी ८० टक्के अरुंद, पोटातल्या महाधमनीची भिंत जाड, उजव्या मूत्रपिंडाची धमनी मोकळी. डावे मूत्रपिंड ८.८ सेंटिमीटर आणि उजवे १०.५, म्हणजे रक्त कमी मिळाल्याने डावे आकसू लागले होते. फिल्मसोबत सीडी मागून घ्यावी. पुढे प्रत्येक डॉक्टरांनी तीच मागितली.

हा आजार संधिवाततज्ज्ञ पाहतात, हे आम्हाला तेव्हाच कळले. सांधे तर दुखत नव्हते, त्यामुळे नातेवाइकांना आम्ही चुकीच्या दारात गेलो असे वाटले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते अशा आजारांचे उपचार या शाखेत होतात. संभाजीनगरच्या संधिवाततज्ज्ञ मॅडमनी आम्हाला पाऊण तास दिला. जपानचे नेत्रतज्ज्ञ मिकितो टाकायासू यांनी १९०८ मध्ये एका २१ वर्षांच्या मुलीच्या डोळ्याच्या पडद्यावरचे रक्तवाहिन्यांचे विचित्र जाळे वर्णन केले, त्यावरून आजाराला त्यांचे नाव मिळाले. माझाही आजार डोळ्यांच्या डॉक्टरांनीच पकडला, हे ऐकून मॅडमना फार समाधान वाटले. रुग्णांत दहापैकी आठ-नऊ स्त्रिया असतात आणि बहुतेकींना तो चाळिशीच्या आत होतो. भारत, जपान, कोरिया, तुर्कस्तान या देशांत तो तुलनेने जास्त दिसतो. कारण अजून पक्के ठाऊक नाही. खाण्यापिण्यातून होत नाही, दुसऱ्याला लागत नाही. आईने हे शेवटचे वाक्य दोनदा विचारून घेतले.

स्टेरॉइड सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयरोगासाठी मांटूची चाचणी झाली, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी शरीरात दबून असलेला क्षय उठू शकतो. मांटूची सुई टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांनी हात दाखवावा लागतो, तेव्हा तो दिवस रविवार किंवा सुटीचा येणार नाही असे पाहूनच सुई घ्यावी. रक्तातली साखर आणि यकृताच्या तपासण्याही झाल्या. मग जुलैच्या मध्यावर प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅम, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी, ॲस्पिरिन, तसेच आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक ॲसिड असा क्रम सुरू झाला. मेथोट्रेक्सेटबाबत एक गोष्ट कळकळीने सांगते. ते आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायचे असते, रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारी लाल गोल केला आणि ती गोळी रोजच्या डब्यात ठेवलीच नाही, वडिलांच्या कपाटात ठेवली.

त्यानंतरचे महिने वाट पाहण्याचे होते आणि माझ्यासाठी तेच सर्वांत अवघड गेले. स्टेरॉइडने भूक खवळली, झोप उडाली, चेहरा गोल झाला, हनुवटीवर लव आली. गौरी-गणपतीत घरी आलेल्या बायका म्हणाल्या, "आता कशी भरलीस, तब्येत सुधारली." मला तो चेहरा आरशात ओळखू येत नव्हता. मॅडमना हे सांगितले तेव्हा त्यांनी ते मनावर घेतले. मात्रा उतरली की चेहरा पूर्ववत होतो, पण गोळी स्वतःहून कधीही एकदम बंद करायची नाही, कारण शरीर स्वतःचे स्टेरॉइड तयार करणे थांबवून बसलेले असते आणि अचानक बंद केल्यास माणूस कोसळू शकतो. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घेऊ लागले तेव्हा झोप थोडी सुधारली. लोणचे, पापड, शेंगदाण्याची खारी चटणी बंद केली. आमच्याकडे जेवणात ठेचा नसला तर जेवण झाले असे वाटत नाही, तेव्हा आई माझ्यापुरता बिनमिठाचा ठेचा लिंबू पिळून वेगळा करू लागली.

दर महिन्याला ईएसआर आणि सीआरपी (हीही सुजेचीच रक्तचाचणी) तपासत होतो. जुलैत ७८ असलेला ईएसआर सप्टेंबरमध्ये ४१ आणि डिसेंबरमध्ये १९ वर आला, कसर गेली, मानेचे दुखणे थांबले. बीपी मात्र तीन गोळ्यांवरही १६० च्या आसपास रेंगाळत होता. वडील चिडून म्हणत, नस अरुंद आहे हे दिसतेय, मग बलून का घालत नाहीत? सूज ताजी असताना बलूनने ताणलेली भिंत लवकर पुन्हा आवळते, म्हणून आजार शांत झाल्यावरच हात घालायचा, हे मॅडम दर वेळी न कंटाळता सांगत. डाव्या हाताच्या धमनीला तर हात लावायचाच नव्हता, कारण आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांनी मोठ्या होऊन हाताला रक्त पुरवायला सुरुवात केली होती. घरी यंत्र घेतले, १,८०० रुपयांचे, दंडाला बांधायचे. रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे बसून, उजव्याच हाताचा बीपी वहीत लिहीत गेले. त्या वहीवरून डॉक्टरांनी जितके निर्णय घेतले तितके ओपीडीतल्या एका आकड्यावरून घेता आले नसते.

नोव्हेंबरमध्ये माजलगावकडचे एक स्थळ आले. घरात दोन मते पडली. काकांचे म्हणणे, आत्ता बोलू नका, लग्नानंतर सांगू. मी ते मानले नाही आणि वडील माझ्या बाजूने उभे राहिले. मॅडमना मी स्पष्ट विचारले. मेथोट्रेक्सेट चालू असताना गर्भ राहता कामा नये, त्याने बाळाला व्यंग येऊ शकते. मूल हवे असेल तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ते काही महिने आधी थांबवून चालणारे दुसरे औषध देतात, आणि आजार शांत व बीपी आटोक्यात असेल तर या आजाराच्या अनेक स्त्रिया आई झाल्या आहेत. हे सगळे आम्ही पाहुण्यांना जसेच्या तसे सांगितले. ते स्थळ पुढे गेले नाही. मला वाईट वाटले, पण गोळ्या लपवून घेण्याचा संसार मला नको होता, आणि आजही माझे मत तेच आहे.

अँजिओप्लास्टीचा खासगी खर्च सव्वा ते दीड लाख सांगितला गेला होता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ती होऊ शकेल असे हृदयरोगतज्ज्ञांनी सुचवले. १ जुलै २०२४ पासून ही योजना राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली असून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मात्र उपचार योजनेशी संलग्न रुग्णालयातच आणि त्या आजारासाठी ते रुग्णालय योजनेत असेल तरच होतात, तेव्हा पाटी पाहून आत जाऊ नये, आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाच्या खिडकीवर आधी विचारावे. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८ आहे. आमचे कार्ड केशरी. शिधापत्रिका ऑनलाइन नोंदलेली आणि १२ अंकी क्रमांक असलेली लागते. माझे नाव कार्डावर आणि आधारवर एका वेलांटीच्या फरकाने वेगवेगळे होते. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज, आधारची प्रत आणि शाळा सोडल्याचा दाखला देऊन ते दुरुस्त करून घेतले, त्याला तीनेक आठवडे लागले. ज्यांना पुढे कधी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता आहे त्यांनी नावांची जुळणी आजच करून ठेवावी, दाखल होण्याच्या दिवशी ही धावपळ होत नाही.

फेब्रुवारी २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला दाखल झाले. आरोग्यमित्राने फोटो काढला, कागद चढवले आणि रुग्णालयाने पूर्वपरवानगीसाठी प्रस्ताव पाठवला. संध्याकाळी क्वेरी आली की आजार आता शांत असल्याचे संधिवाततज्ज्ञांचे पत्र हवे. ते पत्र मॅडमनी आधीच देऊन ठेवले होते, तेवढे जोडले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. सीटीचा अहवाल, ताजा ईएसआर-सीआरपी, क्रिएटिनिन, इको आणि अशा पत्राच्या दोन-दोन प्रती फाइलमध्ये असाव्यात.

कॅथलॅबमध्ये भूल फक्त जांघेच्या जागेपुरती दिली. मी जागी होते आणि डाव्या बाजूचा पडदा मला दिसत होता. बारीक तार वर सरकली, औषध सोडले की मूत्रपिंडाचे झाड उमटायचे आणि बुंध्यापाशीच ते चिमटलेले दिसायचे. बलून फुगवला तेव्हा डाव्या कुशीत आणि पाठीत जोराची कळ आली. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय ना ताई? या आजारात भिंत टणक असते, जरा सोसा." बलून उतरवला की कळ थांबे. दोन-तीनदा फुगवल्यावर धमनी पुरेशी उघडली, म्हणून स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला नाही. तरुण वयात आणि या आजारात शक्य असेल तर नुसत्या बलूनवर भागवतात, असे त्यांनी सांगितले. नंतर कित्येक तास पाय सरळ ठेवून उताणे पडून राहावे लागते. पाठ अवघडते, लघवीसाठी उठता येत नाही. सोबत बाईमाणूस असावे.

त्या रात्री उजव्या हाताचा बीपी १३४/८६ भरला. परिचारिकेने पुन्हा मोजला, तेवढाच आला. वडील वॉर्डाबाहेर होते, आईने त्यांना फोनवर नुसता आकडा सांगितला.

रुग्णालयाने आमच्याकडून दाखल असतानाचे पैसे घेतले नाहीत. डिस्चार्जनंतरची थोड्या दिवसांची औषधे योजनेतून मिळाली. त्याआधीच्या आणि नंतरच्या ओपीडी तपासण्या आणि रोजची औषधे योजनेत बसत नाहीत, तो खर्च स्वतःचा. सुरुवातीला औषधांना महिन्याला १,६०० रुपयांच्या आसपास लागत. जनऔषधी केंद्रातून घेऊ लागल्यावर आणि गोळ्या कमी झाल्यावर ते ७०० वर आले. केंद्रात मेथोट्रेक्सेट नेहमी असतेच असे नाही, म्हणून संपण्याच्या आठवडाभर आधी विचारून ठेवते.

मेमध्ये प्रेडनिसोलोन ७.५ मिलिग्रॅमवर आले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ५ वर. चेहरा पूर्वीसारखा झाला आहे. बीपीची एकच गोळी उरली आहे. ऑगस्टच्या डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) डाव्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चांगला असल्याचे दिसले आणि क्रिएटिनिन ०.९ आहे. डाव्या मनगटाला नाडी अजूनही लागत नाही, ती लागेल अशी अपेक्षाही कुणी ठेवलेली नाही. फाइलच्या पहिल्या पानावर मॅडमनी मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे की बीपी उजव्या हाताचाच मोजावा. ताप आला किंवा दात काढायचा असला तरी मी ते पान घेऊन जाते आणि पट्टा बांधण्याआधी दाखवते. सुरुवातीला संकोच वाटायचा, आता वाटत नाही.

या आजारात उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण बरेच आहे, हे मला अँजिओप्लास्टीच्या आधीच सांगितले गेले होते. त्यामुळे जानेवारी २०२६ मध्ये एमआर अँजिओग्राफी करायची आहे. वारंवार सीटीचे किरण नकोत म्हणून या वेळी एमआर. ती स्वच्छ आली आणि ईएसआर असाच राहिला तर स्टेरॉइड आणखी उतरवायचे आणि मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचे, धमनी आवळलेली दिसली तर पुन्हा बलून, असे ठरले आहे. क्रिएटिनिन त्याच आठवड्यात सेलूतच करून नेणार आहे.